धुरपतामाय आणि माझी कच्ची कालवं

धुरपतामाय दगड फोडण्याआधी त्याला वाजवून बघायची. हातोडीनं एकदा इकडून, एकदा तिकडून टकटक करायची, मान कलती करून ऐकायची आणि मग एकच घाव घालायची. दगड दोन तुकडे होऊन पडायचा. शेजारच्या बाया तोवर पाच-सहा घाव घालून घामाघूम झालेल्या असायच्या. मडकं असो, खरबूज असो, की बाजेचा पाय, वाजवल्याशिवाय तिनं काही घेतलेलं मी पाहिलं नाही. "वाजून घ्यावं बाबा," ती म्हणायची, "मडकं असू दे का मानूस. बद्द वाजलं की समजावं, मंदी चीर हाय."

मी तिला पहिल्यांदा भेटलो तो बहात्तरच्या दुष्काळात. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. सेनगावच्या बाजूला, कयाधू नदीपासून हाकेच्या अंतरावर एका पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं आणि मी तिथला ओव्हरसीअर होतो. वय तेवीस. नुकताच डिप्लोमा झालेला, कोकणातल्या समुद्रकाठच्या गावातून थेट या तापलेल्या काळ्या रानात येऊन पडलेला. पहिल्याच दिवशी एका धोंड्यापुढे उभा राहून मी रुबाबात म्हणालो, "हा असा फुटायचा नाही. सुरुंग लावावा लागेल." धुरपतामाय उठली, धोंड्याला चारी बाजूंनी वाजवलं, एका जागी बोट ठेवलं आणि तीन घावांत तो उभा चिरला. "फुटायला तयारच व्हता सायेब," ती म्हणाली, "तुमी त्याला इचारलंच न्हाई." दोनशे माणसं हसली. मीही हसलो, पण मला ते जमायला दोन दिवस लागले.

ती पन्नाशीच्या आसपासची असावी. नरसीजवळच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीतली, विधवा. नवऱ्यामागे त्याची हातोडी तेवढी तिच्याकडे आली होती. सोबत एकुलती एक लेक, शांता. तिला सातवा महिना लागला होता आणि ती पहिल्या बाळंतपणासाठी आईकडे आली होती. आईच कामावर, म्हणून तीही कामावर. धुरपतामाय लेकीला जड उचलू द्यायची नाही, स्वतःच्या वाटणीची खडी फोडून झाली की तिचीही फोडायची. सगळं काम तिला 'माय'च म्हणायचं. बाहेरून आलेला मीही दोन आठवड्यांत म्हणायला लागलो.

दुपारच्या सुट्टीत मी निंबाखाली बसायचो आणि माणसं माझ्याभोवती जमायची, ती समुद्र ऐकायला. त्यांतल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. पाणी दिवसातून दोनदा आपल्या पायानं येतं आणि आपल्या पायानं जातं, हे त्यांना खरं वाटेना. "आन् मंग ते आडवत काहून न्हाईत?" असं एका म्हाताऱ्यानं विचारलं, आणि धरणाच्या कामावर असूनही मी ते हसण्यावारी नेलं. मला घरची फार आठवण यायची. आठवणीत माझा समुद्र रोज थोडा मोठा होत गेला आणि मासे वीत-वीत लांब होत गेले. ऐकणारे भुकेले असले की सांगणाऱ्याला भलता चेव येतो.

नदी आटून एक डोह तेवढा उरला होता. त्याच्या चिखलात शिंपले सापडायचे. एरवी गावात चारचौघांत कोणी त्यांचं नाव काढत नसे, पण रेशनवरच्या लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी खाऊन विटलेल्या लोकांनी ते लाज बाजूला ठेवून आणायला सुरुवात केली होती. एका दुपारी बायांनी पदरातून आणलेले शिंपले पाहून माझी जीभ सैल सुटली. "आमच्याकडे याचा भाऊ मिळतो," मी म्हणालो, "कालव. ओहोटीला खडकावर जायचं, कोयतीनं फोडायचं, वर लिंबू पिळायचं आणि सरळ घशाखाली."

"कच्चं?" शांतानं विचारलं.

"कच्चं! काही होत नाही."

हे मी दोनदा म्हणालो. धुरपतामाय त्या दिवशी मिलो आणायला सेनगावला गेली होती.

शिंपले ती स्वतःही आणायची, पण तिची रीत निराळी होती. डोहातले ती घेत नसे. "तितं ढोरं मेलेत, मानसं धुतेत," म्हणायची. ती वरच्या अंगाला, जिथे वाळूतून स्वच्छ पाणी पाझरत होतं, तिथे उकरून मोजके काढायची. ते दोन दिवस झिऱ्याच्या पाण्यात ठेवायची, म्हणजे पोटातला गाळ टाकतात. शिजवण्याआधी एकेक नखानं वाजवायची. उघडा शिंपला वाजवल्यावर मिटला तर जिवंत, तसाच राहिला तर मेलेला. मग खळखळ उकळायचे. उकळूनही ज्याचं तोंड उघडलं नाही तोही फेकायचा. म्हणजे खाण्यापेक्षा फेकण्याचंच काम जास्त. पण उकळायला सरपण लागतं, आणि ढोरं मेल्यामुळे गवऱ्यासुद्धा मिळत नव्हत्या. अशा वेळी शिकलेला साहेब कच्चं चालतं म्हणतो, तर ते लोकांना किती सोयीचं वाटलं असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शांता खडीच्या ढिगाशेजारी कोसळली. उलट्या आणि जुलाब पहाटेपासून चालू होते, तिनं आईला सांगितलं नव्हतं. आता पोटऱ्यांत गोळे येत होते आणि डोळे आत गेले होते. धुरपतामायनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "काय खाल्लंस?" शेजारची बाई बोलली, "शिंपले खाल्ले. डव्हातले, मीठ लावून, कच्चेच. सायेब म्हनले व्हते, काई हुत न्हाई."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. धुरपतामायनं मात्र पाहिलं नाही.

नशिबानं त्या दिवशी खात्याची जीप कामावर आली होती. शांताला तीत घालून आम्ही हिंगोलीच्या सरकारी दवाखान्याकडे निघालो. धुरपतामायनं चुलीवरचं उकळलेलं पाणी तांब्यात भरून घेतलं, त्यात गूळ आणि मीठ टाकलं आणि वाटभर ती लेकीच्या तोंडात घोट घोट सोडत राहिली. उलटी झाली की थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. मी पुढच्या सीटवर बसून मागचा आवाज ऐकत होतो. एक जीव जाणार की दोन, एवढंच डोक्यात होतं. सलाईन लागलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "रस्त्यात पाणी पाजत आणलंत म्हणून हाती लागली. पोटातलं बाळ आहे. पण दोन दिवस काही सांगता येणार नाही."

ते दोन दिवस मी जन्मात विसरणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शांतानं डोळे उघडून भाकर मागितली. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून रडलो. धुरपतामाय बाहेर आली, माझ्याशेजारी खाली टेकली. शिव्या खायची माझी तयारी होती. तिनं प्रश्न विचारला.

"सायेब, तुमच्या गावात ते कच्चं खाऊन कोनीच आजारी पडलं न्हाई?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिनं मान कलती केली होती, दगडापुढे करायची तशी.

"पडला होता," मी म्हणालो. "माझा आतेभाऊ, वसंता. पावसाळ्यात खाडीच्या तोंडची कालवं खाल्ली. गावाची सगळी घाण तिथे येते. तापानं फणफणला, मग कावीळ झाली. दोन महिने अंथरुणाला होता. त्याचं शाळेचं वर्ष गेलं."

"मंग ते काहून न्हाई सांगितलं?"

सांगितलं असतं तर गोष्टीची मजा गेली असती, हेच खरं कारण होतं. घरी आम्ही कालवं शिजवूनच खायचो, कच्ची खायची ती खडकावर, पोरापोरांत फुशारकी मारायला, तीही थंडीत आणि उघड्या समुद्राकडची. आणि तेव्हाही आजी ओरडायचीच. हे सगळं मी गाळलं होतं. मी खाली मान घालून ते सगळं तिला सांगितलं.

धुरपतामाय उठून उभी राहिली. मग म्हणाली, "काई हुत न्हाई म्हननारा येगळा असतो, आन् ज्याला हुतं तो येगळा. चला आता."

"कुठे?"

"कामावर. शांताची मावशी बसलीय तिच्यापाशी. तितं आजून कितीजन खाऊन राहिलेत, ठाव हाय का तुमाला?"

मी म्हणालो, मुकादमाला सांगून कळवतो, नाहीतर नोटीस लिहून लावतो. "कागद कोन वाचतंय?" ती म्हणाली. "तोंडानं सांडलं ते तोंडानंच भरायचं."

ती मला टोळीटोळीतून घेऊन फिरली. स्वतः एक शब्द बोलली नाही, नुसती शेजारी उभी राहिली. मी प्रत्येक टोळीपुढे सांगितलं की मी अर्धंच सांगितलं होतं, समुद्राचंसुद्धा कच्चं खाऊन माणूस आजारी पडतो आणि या डोहातलं तर शिजवूनही खाऊ नये. वसंताला मी वगळायला गेलो की ती हळूच म्हणायची, "आन् तुमचा वसंता?" मग वसंताही सांगावा लागायचा. तांड्यावरच्या एका झोपडीत शिरलो तर एक बाई दोन लेकरांना पुढ्यात घेऊन शिंपले फोडत बसली होती, पाण्याचं भांडंही चुलीवर नव्हतं. धुरपतामायनं तिच्या हातातला शिंपला काढून घेतला आणि मला म्हणाली, "बोला." मी बोललो.

पण नुसतं खाऊ नका म्हणून भुकेल्याचं पोट भरत नाही, हे तिलाच कळत होतं. तलावाच्या पोटातली वेडी बाभूळ खणून काढली होती, ती मुळं सरकारी मालमत्ता म्हणून ढिगानं पडून होती. ती मी जबाबदारी घेऊन सरपणाला दिली. तेव्हापासून रोज दुपारी निंबाखाली एक मोठी चूल पेटायची आणि वरच्या झिऱ्याजवळचे शिंपले तिच्या देखरेखीखाली वाजवून, तिच्या तेलाच्या डब्यात उकळून मिळायचे. काही घरं तिच्या डब्यातलं घेईनात. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. "नका घेऊ," ती म्हणाली. "आपलं भांडं आना, इस्तू एकच हाय." भांडी वेगवेगळी आली, पण त्या चुलीवर शिजलेलं खाऊन कोणी आजारी पडलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला शांता बाळंत झाली. मुलगा, किरकोळ पण ठणठणीत रडणारा. माझी बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला गेलो. धुरपतामायनं लेकरू माझ्या मांडीवर दिलं. "ह्याला तुमच्या समुद्राचं सांगा," म्हणाली. मी त्या महिनाभराच्या जिवाला भरती-ओहोटी सांगायला लागलो, तशी ती म्हणाली, "पन पुरं सांगा." आणि बोटाच्या पेरानं माझ्या पाठीवर दोनदा टकटक करून कान दिला. काय ऐकू आलं ते तिनं मला सांगितलं नाही.

पुढे वर्षा-दोन वर्षांनी तिचं कार्ड यायचं, शाळेतल्या कुणा मास्तरकडून लिहून घेतलेलं. खुशाली, शांताची खबर, आणि शेवटी दर वेळी एकच प्रश्न: तुमचा वसंता कसा आहे? ज्याला मी गोष्ट रंगावी म्हणून गाळला होता, त्याची चौकशी करणारी माझ्या ओळखीत ती एकटीच होती. मी ठरावीक उत्तर द्यायचो, बरा आहे. खरं तर मी त्याला कधी विचारलेलं नसायचं.

शेवटचं कार्ड आलं ते तिच्या नातवाच्या हातचं. नववीत होता, अक्षर मोठं आणि सरळ. 'आजी मागच्या सोमवारी वारली. जाण्याआधी तिने तुम्हाला लिहायला सांगितले. तुम्ही मला समुद्राचे सांगितले होते म्हणे, मला आठवत नाही. आणि वसंताकाका कसे आहेत ते कळवा, असे तिने सांगितले आहे.'

तेव्हा मी निवृत्तीला बराच अवकाश असलेला, रत्नागिरीकडे बदलून आलेला माणूस होतो. कार्ड खिशात घालून मी त्याच दिवशी एसटीनं गावी गेलो. वसंता अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याच्याजवळ बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला विचारलं, तब्येत कशी आहे. तो जाळं खाली ठेवून माझ्याकडे वळला. म्हणाला, त्या काविळीपासून तेलकट सोसत नाही, बाकी बरं आहे. मग म्हणाला, "आज हे कुठून आठवलं तुला?"

मी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं.

"कोण ही बाई?" त्यानं विचारलं.

मी त्याला सांगायला बसलो, आणि त्या दिवशी काहीच गाळलं नाही.