केरबातात्यांचे आठ पडदे

केरबातात्यांची लूना आमच्या दारात थांबली की आमची ही आत निघून जायची. लूनाच्या मागे कुणाचातरी मेलेला टीव्ही बांधलेला असायचा. तो उघडला की उंदराच्या लेंड्या, झुरळांचे पंख आणि घशात बसणारा कुबट वास. मी नाकाला रुमाल लावायचो. तात्या मात्र उघड्या हातांनी सगळं उपसत राहायचे. शेजारी राहत असल्यामुळे मला ते बघणं भागच होतं.

इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात पंच्याण्णव सालाच्या सुमारास उसाचं बिल आलं की घरोघरी रंगीत टीव्ही यायचा आणि जुना ब्लॅक अँड व्हाइट गोठ्यात जायचा. एका बहाद्दरानं शटरच्या टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात कोंबडी उबवायला बसवली होती आणि पाहुण्यांना तो ती कौतुकानं दाखवायचा. तात्या सैन्यात सिग्नलला होते, निवृत्तीनंतर ऊस करायचे. गोठ्यागोठ्यांतून हे संच ते मागून आणायचे.

"मेलाय का नुस्ता झोपलाय, बघू की," म्हणायचे. दहांतला एखादा झोपलेला निघायचा. कोरड्या ब्रशनं आठवडा आठवडा साफ करायचे. पडद्याच्या काचेच्या नळीची मागची निमुळती मान दाखवून मला बजावायचे, "सर, हितं धक्का लागला की खेळ खलास. आन ह्याला पानी म्हंजी इखच."

सांगलीच्या एका कॉलेजानं भंगारात काढलेले छोटे संगणक त्यांनी उचलून आणले होते. नुसता कीबोर्ड, पडदा नाही. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवरून प्रोग्राम भरायचा, की काळ्या पडद्यावर खेळ सुरू, पांढरी फळी आणि पांढरा चेंडू. तीन वर्षांत आठ पडदे असे उभे राहिले आणि ते त्यांनी आमच्या हायस्कुलाला देऊन टाकले. अट एकच, पोरांनी हात लावायचा.

ही अट आमच्या शाळेला झोंबणारी होती. शाळेत दोन नवेकोरे संगणक होते, पण कुलपात. चपला बाहेर काढून आत जायचं, प्लॅस्टिकचं कव्हर लांबून बघायचं आणि परत यायचं. मला त्या खोलीची शिसारी होती. तात्या शनिवारी शाळा सुटल्यावर शिकवायचे. नववीच्या मयूरीनं प्रोग्राममधला आकडा बदलून चेंडू पळवला, तेव्हा हा माणूस टोपी काढून लहान मुलासारखा हसला होता.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ट्रॅक्टर, मोटारी, कोयते, सगळं धुऊन पुजतात. सांगलीहून पेपरचा फोटोग्राफर येणार होता. तात्या जतला बिराप्पा नावाच्या जुन्या सोबत्याकडे एक संच आणायला गेले होते. संस्थेचे चेअरमन वीरधवलराव आले आणि पडद्यांवरची धूळ बघून शिपायावर खेकसले.

"आकाराम, ही काय घाण? पूजा हाय का चेष्टा? भाईर काढ आन धू."

आकारामनं आठही संच पटांगणात मांडले, मागची झाकणं काढली आणि ट्रॅक्टरसारखी पाइपनं धार सोडली. आतली धूळ निघेना म्हणून साबण आणि काथ्या घेऊन घासायला बसला. तीन नळ्यांच्या माना मोडल्या. प्रत्येक वेळी हवा आत शिरल्याचा बारीक फुसकारा ऐकू आला. तो त्याला साबणाचा वाटला असावा.

मी चार हातांवर उभा होतो. मी विज्ञानाचा शिक्षक. तीन वर्षं टेंपररी, आणि कायम करण्याचा कागद वीरधवलरावांच्या सहीसाठी पडून. तोंड उघडलं नाही. राहिलेले पाच तरी उन्हात आठवडाभर वाळवले असते तर वाचले असते, हेही मला कळत होतं. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि साहेब म्हणाले, "चालू करा, फोटोत उजेड दिसू दे." तेव्हाही मी गप्प. चटचट आवाज झाला, धूर निघाला, जळक्या रबराचा वास सुटला. साहेबांनी नाक मुरडलं. "भंगार ते भंगारच," म्हणाले आणि प्रसादाचे पेढे वाटायला लागले. मीही एक घेतला. खाल्ला. आजही त्या पेढ्याची आठवण आली की तोंडात कडू पाणी येतं, आणि किळस त्या चेअरमनची कमी, माझीच जास्त येते.

दसऱ्याच्या दिवशी तात्या परतले. संच बघून घरी गेले आणि तिथून माझ्याकडे आले. ओरडले नाहीत. पायरीवर बसले, मोडक्या नळीचा तुकडा हातात धरून.

"सर, तुमी व्हता काय तितं?"

"नाही तात्या," मी म्हणालो. "मी पेठेत गेलो होतो."

त्यांनी मान हलवली.

"तरीच," ते म्हणाले. "म्या घरी हेच सांगून आलोय. सर असते तर हात धरला असता आकारामचा."