आक्कांचा पाव तास

उजव्या हाताचं बोट तोंडात, डावा पंजा आडवा आणि गळ्यातून एक लांबट "अंऽऽ". म्हणजे आत्ता काही बोलू नका. खुटबावात आमच्या शेजारच्या आक्का रोज सकाळी पायरीवर अशा मिश्री लावत बसायच्या.

तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेलच. आक्कांच्या घरात नऊ माणसं, चार म्हशी. "आक्का, वासरू सोडा." "आक्का, पोराला धरा." पण मिश्री तोंडात असलेल्या बाईला काम सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तेवढा पाव तास आक्का कुणाच्याच नसायच्या.

मग त्यांच्या हिरडीवर पांढरा डाग आला. माझीही दाढ ठणकत होती, म्हणून बायकोनं आम्हा दोघांना दौंडला दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आक्कांना म्हणाल्या, "मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. आजपासून बंद. नाहीतर हा डाग पुढं जिवावर येईल. सकाळ-रात्र दोन-दोन मिनिटं ब्रश करा." मला म्हणाल्या, "काका, तुम्ही फ्लॉसही करा." म्हणजे दातांच्या फटींतून दोरा ओढायचा.

मी शहाण्यासारखी दोऱ्याची डबी आणली. दोन दिवस दात कोरले. तिसऱ्या दिवशी त्याच दोऱ्यानं दोडक्याचा वेल बांधला. वेल बरा राहिला, दाढ गेली.

आक्काही आठ दिवसांत मिश्रीवर परत. मी, स्वतःचं तोंड न बघता, त्यांना उपदेश करायला गेलो.

"भाऊ, दोन मिंटात काय व्हतंय?" त्या म्हणाल्या. "चूळ भरली की हाक आलीच. तोंड मोकळं दिसलं की मी घावती."

मी घरी जाऊन ती डबी आणून दिली.

"एका फटीला किती वेळ लावायचा?"

"तुमच्या मनावर."

"आन् फटी किती?"

"दात असतील तेवढ्या."

आक्का हसल्या. "मग जमंल."

जमलं. आधी ब्रश, मग दोरा, एकेक दात निवांत. दोन्ही हात तोंडात गुंतलेले, म्हणून पंजाऐवजी आता कोपर वर व्हायचं. सून आतून ओरडायची, "झालं का न्हाई अजून?"

"अंऽऽ."

मिश्री सुटली. पुढच्या खेपेला डाग पुसट झालेला निघाला.

गेल्या वर्षी धाकट्या लेकानं त्यांना पुण्याला फ्लॅटवर नेलं, त्याचं बाळ सांभाळायला. पायरीवर आता म्हशींच्या बादल्या असतात. परवा मी फोन केला.

"हितं बाथरूम एकच, भाऊ. कडी लावली की दार वाजतंय. बसायचं कुठं?"

इतक्यात मागून धाकट्या सुनेचा आवाज आला, "आई, बाळाला घेता का?"

 लगेच आक्कांचं ऐकू आलं, "अंऽऽ."

आत्ता तर माझ्याशी बोलत होत्या. तोंडात काही नव्हतं.

मी पाव तास फोन कानाशी धरून तसाच बसून राहिलो. एक शब्द बोललो नाही.