ईरप्पाच्या मागची चप्पल

ईरप्पा काशीला निघाला त्या सकाळी शिवम्माने दोन कामं केली. नवऱ्याच्या पिशवीत कागदात बांधलेले गुळाचे दोनशे खडे भरले आणि नवऱ्याच्या मागावर माणूस घातला. पहिलं काम साऱ्या गल्लीने पाहिलं. दुसरं पुढची चौदा वर्षं शिवम्मा आणि तो माणूस सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं, असं निदान शिवम्माला वाटत होतं.

ईरप्पा मूळचा नेसरीकडचा. कोल्हापूरच्या वेशीवरच्या एका गुऱ्हाळावर तो गुळव्या होता. गुळव्या म्हणजे काहिलीतला उसाचा रस शिजला की नाही, कधी उतरवायचा, हे सांगणारा माणूस. वाटतं तितकं हे काम सोपं नाही. क्षणभर आधी उतरवला तर गूळ चिकट, क्षणभर उशीर झाला तर करपट, आणि दोन्ही वेळा शिव्या गुळव्याला. ईरप्पाच्या हातचा गूळ मात्र गुजरातचे व्यापारी नाव घेऊन मागायचे. ट्रक भरायला आलेले ड्रायव्हर राजकोटच्या, भुजच्या गोष्टी सांगायचे आणि हा बाबा हातातलं काम विसरून ऐकायचा. स्वतः कधी कराडच्या पुढे गेला नव्हता. हंगाम संपला की जाऊ, पोरगी उजवली की जाऊ, असं करता करता चाळिशी आली आणि तिच्या पाठोपाठ डोळे गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदाच सुकत चाललाय, याला औषध नाही. एक्याण्णवच्या दिवाळीत त्याला दारातली पणती दिसली होती. ब्याण्णवच्या दिवाळीत तिची नुसती ऊब लागली.

मग ईरप्पा ओट्यावर बसला तो बसलाच. शिवम्मा त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात नेऊन द्यायची. भाकरी मोडून द्यायची, सदऱ्याची बटणं लावायची. यालाच माया म्हणतात अशी तिची समजूत होती आणि त्यात तिची चूक नव्हती. फक्त एवढंच की माणूस दिवसेंदिवस मुका होत चालला होता.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात तो आपण होऊन बोलला.

"शिवम्मा, माझा गूळ राजकोट बघून आला. मीच तेवढा ऱ्हायलो. काशीला जाऊन येतो म्हणतो. जंगमवाडीच्या मठात उतरीन."

"कुणासंगं?"

"एकटाच की."

"एकटं? अवो, डोळं हायत व्हय तुमाला?"

"डोळं हुतं तवा कुठं गेलतो? आता न्हाईत, तर जाऊन बघतो."

शिवम्मा भांडली, रडली. शेवटी तिने एक दिवस जेवण सोडलं. ईरप्पाने आपल्या भाकरीबरोबर तिच्या वाटणीचीही खाऊन टाकली. अशा माणसापुढे कोण काय करणार?

मग तिने जोतीरामला गाठलं. जोतीराम गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ घालणारा, अंगाने पैलवान आणि मनाने लोणी. शिवम्माला तो थोरल्या बहिणीसारखा मान द्यायचा. त्याने ईरप्पाअण्णांच्या मागोमाग काशीपर्यंत जायचं, नजर ठेवायची, पण आपण आहोत हे कळू द्यायचं नाही, असं ठरलं. घोडं अडलं ते चपलेपाशी. जोतीरामला जन्मात एकच शौक होता, कापशीची करकर वाजणारी चप्पल. तो गल्लीच्या तोंडाशी आला की शेवटच्या घरातली बाई चहाचं आधण ठेवायची.

"ही काढ आन् रबरी सपाता घाल," शिवम्मा म्हणाली.

"आक्का, सपाता घालून काशीला जाऊ? लोक म्हणतील, ह्यो कोल्हापूरचा न्हायच."

"आंधळ्याच्या मागं जायाचं हाय तुला, वरातीत न्हवं!"

जोतीराम ऐकेना. शेवटी शिवम्माने घरातलं वाटीभर एरंडेल आणून ती चप्पल भिजवून काढली. चप्पल मऊ झाली, आवाजही जरा खाली आला, पण करकर काही गेली नाही. कानावर जगणाऱ्या माणसाच्या मागावर साऱ्या जिल्ह्यातलं सगळ्यात बोलकं पायताण पाठवून शिवम्मा निर्धास्त झाली.

गुळाच्या खड्यांची कल्पना ईरप्पाची. गुऱ्हाळावर आलेल्या पावण्याला रिकाम्या हाताने वाटेला लावायचं नाही, ही आपल्याकडची रीत. रस द्या, काकवी द्या, अगदीच काही नसलं तर गुळाचा खडा द्या. ईरप्पा म्हणाला, "जो कोण माझा हात धरंल, त्याला एक खडा. फुकटची मदत नको."

चौथ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत चप्पल वाजली आणि शिवम्मा दारात धावली. जोतीराम एकटाच आला होता. भुसावळला दोघांनी गाडी बदलली, तिथे हा भजी घ्यायला खाली उतरला आणि काशीची गाडी सुटली. "लई पळालो गं आक्का," म्हणून तो धिप्पाड गडी दारातच रडायला लागला. त्याला शिव्या घालायचं त्राणही तिच्यात उरलं नाही. पुढचे सात दिवस ती इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायची आणि मंत्र विसरायची.

अकराव्या दिवशी दारात रिक्षा थांबली. ईरप्पा उतरला. चेहरा उन्हाने रापलेला, दाढी वाढलेली, सदरा मळून कोळसा झालेला.

"शिवम्मा, पाणी आण," तो म्हणाला. लगेच म्हणाला, "न्हाय, ऱ्हाऊ दे. मीच घेतो." आणि भिंतीला हात लावत माठापर्यंत गेला.

गुळाची पिशवी रिकामी होती. दोनशे खडे, म्हणजे दोनशे हात! कुणी रूळ ओलांडून दिले असतील, कुणी गंगेच्या पायऱ्या उतरवल्या असतील, कुणी नुसतं घोटभर पाणी पाजलं असेल. त्यांतला एकही तिच्या ओळखीचा नव्हता. शिवम्माने ती रिकामी पिशवी कपाळाला लावली आणि त्या दोनशे जणांना मनातून हात जोडले. त्यांचे उपकार फेडायचे कसे, हे तिला कधीच कळलं नाही.

ईरप्पा मात्र गल्लीभर सांगत सुटला होता, "एकटा गेलतो, एकटा आलो." त्या एका वाक्यावर माणूस पुन्हा उभा राहिला. हंगाम सुरू झाल्यावर काहिलीपाशी जाऊन थांबला, उकळणाऱ्या रसाचा आवाज कान देऊन ऐकला आणि म्हणाला, "उतरवा." गूळ असा उतरला की मालकाने दुसऱ्या दिवशी त्याला न्यायला गाडी पाठवली. शिवम्माने जोतीरामला बजावलं, "भुसावळचं कुणाला बोललास तर बघ. त्येंना कळलं की मागं माणूस हुता, तर परत वट्यावर बसतील." हंगामातली पहिली वाटीभर काकवी दरवर्षी जोतीरामच्या घरी जायला लागली ती तेव्हापासून.

मग काय, ईरप्पाला पाय फुटले. दरवर्षी हंगाम संपला की हातात पांढरी काठी आणि खांद्याला गुळाची पिशवी. केदारनाथ झालं, काठमांडू झालं, रामेश्वर झालं. समुद्र ओलांडून श्रीलंकेला गेला आणि तिथल्या ताडाच्या गुळाला नावं ठेवून आला. परदेशी गूळ पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्याला आधी दुबईला आणि दोन हजार चार साली केनियाला नेलं. तिथेही गुऱ्हाळं आहेत हे ऐकून ईरप्पाला रात्रभर झोप नव्हती. तिथल्या काहिलीशेजारी तो उभा राहिला, रस उकळत होता, माणसं त्यांच्या भाषेत बोलत होती. एकाएकी ईरप्पा ओरडला, "उतरवा! अरे, उतरवा की!" त्याच क्षणी तिथला गुळव्याही त्याच्या भाषेत तेच ओरडला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. हे ईरप्पा दरवेळी नव्याने सांगायचा आणि शिवम्मा दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची.

ती खडे बांधत राहिली, तो वाटत राहिला. देवाने डोळे नेले पण माणूस परत दिला, असं ती येईल त्याला सांगायची. फक्त भुसावळची गोष्ट तेवढी सांगायची नाही.

दोन हजार सातमध्ये गुळाच्या व्यापाऱ्यांनी ईरप्पाचा सत्कार ठेवला. हॉल भरला होता. बाहेर फलक, 'एकट्याने जग फिरलेला आपला ईरप्पा'. तो वाचूनच शिवम्माची नजर जोतीरामला शोधू लागली. त्यात सूत्रसंचालकाने पुकारलं, "आता अण्णांचे जुने सोबती जोतीराम दोन शब्द बोलतील."

जोतीराम उठला. नवीकोरी चप्पल करकरत मंचाकडे निघाली. त्याचा चेहरा बघूनच शिवम्माने ओळखलं, हा आज पोटातलं सगळं ओकणार. चौदा वर्षांची काकवी पाण्यात गेली. ती खुर्चीतून अर्धी उठली, पण जोतीरामच्या हातात माईक जायच्या आत ईरप्पाने हात वर केला.

"थांब जोत्या. तुझ्या आधी तुझी चप्पल बोलली. आता मला बोलू दे."

हॉल हसला. शिवम्मा हसली नाही.

"मंडळी, बाहेर एकटा म्हणून लिवलंय, ते खोटं हाय. काशीला निघालो तवा ठेसनात माझं हातपाय कापत हुतं. परत फिरणार हुतो. तेवढ्यात मागं ही चप्पल वाजली. वाऱ्यावर एरंडेलाचा वास आला. आमच्या घरात एरंडेलाची बाटली कुठं असती आन् कुणाच्या हाताला असती, हे मला ठावं हाय. मनात म्हणलं, हिनं माणूस धाडलाय, आता मरायचं भ्या न्हाय. म्हणून गाडीत चढलो."

शिवम्मा परत खुर्चीत बसली.

"भुसावळला गाडीबी गर्दीच्या रेट्यानं बदलली, तवर पिशवीतला एकबी खडा दिला न्हवता मी. मागं माणूस हाय म्हटल्यावर कुणाचा हात कशाला मागू? मग गाडी हलली. ही चप्पल फलाटावरनं पळत आली, लांब लांब गेली, आन् गाडीच्या आवाजात बुडाली. मी ल्हान पोरावानी रडलो. शेजारी एक म्हातारी हुती, कुठली म्हाईत न्हाय. तिनं माझा हात धरला. पयला खडा तिला दिला. तिथनं पुढचं जग मी माणसांच्या हातांनी बघितलं. जोत्या, तू आलास म्हणून मी निघालो, आन् तू ऱ्हायलास म्हणून मी पोचलो."

जोतीराम माईकसमोर हुंदके देत होता. "अण्णा, मी भजी घ्यायला उतरलतो," एवढंच त्याला बोलता आलं.

"इतकी वर्सं बोलला का न्हाईसा?" शिवम्मा बसल्या जागेवरून ओरडली. हॉलमध्ये चारशे माणसं आहेत हे ती विसरलीच होती.

"बोललो असतो तर फुडच्या खेपंला सपाता घातलेला गडी धाडला असतीस," ईरप्पा म्हणाला, आणि हसं ओसरल्यावर हळू आवाजात म्हणाला, "तू मला एकटं सोडायला शिकत हुतीस, शिवम्मा. ते मोडायचं न्हवतं मला."

मग त्याने कोटाच्या खिशातून दोन पुड्या काढल्या. "दोन हातांचं खडं द्यायचं ऱ्हायलं हुतं." एक जोतीरामच्या हातावर ठेवली. दुसरी घेऊन काठी टेकत मंचाच्या पायऱ्या उतरला आणि रडण्याच्या आवाजावरून नेमका शिवम्मापुढे येऊन थांबला.

चौदा वर्षांत हजारो खडे तिने बांधले होते, तिच्या हातावर कुणी एकही ठेवला नव्हता. ही पुडी ईरप्पाने स्वतः बांधली होती. दोऱ्याची गाठ इतकी वेडीवाकडी होती की शिवम्माला ती काही केल्या सुटेना.