मूठभर सरकी

दोन मुलं सहा महिन्यांची व्हायच्या आत गेली, म्हणून तिसरी झाली तेव्हा मी तिला पाचव्या दिवशी विकून टाकली.

वाचणाऱ्यानं दचकू नये. आमच्या वलगावात तेव्हा रीतच होती. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथं नवं मूल सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवायचं. भरल्या गोकुळाची कुणी बाई यायची, सुपात मूठभर कोंडा टाकून मूल विकत घ्यायची आणि परत आईच्याच हातात द्यायची. मूल तिचं, आई नुसती सांभाळणारी. काळ पुन्हा त्या घरी आला तर त्या आईचं मूल तिथं सापडत नाही, असा हिशेब. आणि ज्याच्या बदल्यात मूल घेतलं तेच त्याचं नाव. म्हणून कोंडाबाया गावोगाव सापडतात.

आमच्याकडे घ्यायला आली ती गावकुसाजवळच्या वाडीतली माळीणबाई. सात मुलं, सातही जिवंत. पण घाईत ती कोंडा आणायलाच विसरली. म्हशीपुढं टाकायची सरकी ओच्यात होती, तीच मूठभर तिनं सुपात टाकली.

“हे सरकी माही हाय,” ती मला म्हणाली. “तुह्याकडे सांभाळाले ठेवतो. तू हिले कधी माही म्हणू नको.”

सासूनं नाक मुरडलं. कापसातून काढून उरलेलं बी, ढोरांचं खाणं, ते काय नाव झालं? मला मात्र ते पसंत पडलं. जितकं टाकाऊ तितकं बरं. त्या नावाच्या पोरीला कुणी कडेवर घेईना, कुणी गोड म्हणेना. मीही तिला फाटक्या लुगड्याच्या चिंध्यांत ठेवलं, चारचौघांत दुरदुर केलं. पोरगी रांगली, चालली. सहा महिने उलटले, वर्ष उलटलं. मी मोकळा श्वास घेणार, तोच भाव चढायला लागला.

साता समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली म्हणे, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. एका साली भाव चढला, पुढच्या साली त्याहून चढला. लोकांनी ज्वारीची रानं मोडून कपाशी पेरली. कपाशी पेरायची तर सरकी हवी. जी कालपर्यंत म्हैस खात होती ती लोक मडक्यात भरून देवापाशी ठेवू लागले. बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या आल्या. आमच्या सासऱ्यांनी तर ओटी सोडून सगळं घर कापसानं भरलं आणि आम्हाला ओटीवर आणलं. अजून चढेल, अजून चढेल, म्हणून ते विकायलाच तयार होईनात.

अशात कुणाला तरी सुचलं की या घरात सरकी जन्मली आणि तेव्हापासून भाव चढला. पहिल्यांदा कोण बोललं ते मला कळलं असतं तर मी त्याची जीभ हासडली असती. दोन दिवसांत गावभर झालं. वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे बाया शेतात दही घालून सीतेची पूजा करतात, सीतादही म्हणतात त्याला. आता ज्याच्या त्याच्या सीतादहीला आमची सरकी हवी. तिला शेताच्या धुऱ्यावर बसवायची, कुंकू लावायचं, पहिलं बोंड तिच्या हातानं तोडायचं. कुणी वाळे घातले, कुणी चांदीची साखळी. आणि मग नावच पसरलं. कुंभाराच्या घरी सरकी झाली. पाटलाच्या नातीचं बारसं पाळण्याला घुंगरं बांधून झालं आणि तिच्याही कानात सरकी हेच नाव सांगितलं. मोर्शीकडे एक झाल्याचं कासार सांगत आला. सासू ओटीवर बसून बायांना सांगायची, “आमची अस्सल. बाकीच्या मांगून आल्या.”

ती हसायची आणि मी पोरीला पदराआड घ्यायची. ज्या नावाच्या आड मी पोर लपवली होती, त्याच नावानं सगळं गाव तिला उजेडात धरून उभं होतं. काळाला घर दाखवायला आता वाटाड्याची गरज नव्हती.

पुढं एका हिवाळ्यात देवी आल्या आणि पाटलाची सरकी गेली. दोन वर्षांची होती. तिला नेताना पायातले वाळे काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ते वाजले. मी तिथून घरी आले ती थेट सासूपुढं उभी राहिले.

“आत्याबाई, हिचं नाव बदलू. केरी म्हणू, धोंडी म्हणू, काही म्हणू.”

“अन् भाव पडला त मंग?” सासू म्हणाली. “घरात कापूस हाय अन् हे नाव बदलाले चालली.”

नवरा तिथंच दोर वळत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं दोराकडे पाहिलं. त्या माणसाचा मला त्या दिवशी जितका राग आला तितका उभ्या जन्मात कुणाचा आला नाही, आणि पुढं त्याच्याशी चाळीस वर्षं नांदले.

तसंही नाव बदलणं आमच्या हातात नव्हतं. ज्यानं विकत घेतलं त्यानंच बदलायचं. आणि माळीणबाई आदल्या साली नवऱ्याबरोबर अकोल्याला गेली होती, मोर्णा नदीच्या काठी भाजीची वाडी धरून. मी अखजीची वाट पाहिली, त्या सणाला लेकी माहेरी जातात. माझं माहेर हिवरखेडचं. वाटेत अकोला लागतं. भाऊ बैलांची दमणी घेऊन न्यायला आला, आणि तिसऱ्या दिवशी मी पोरीला घेऊन अकोल्याच्या बाजारात उतरले.

माळीणबाई वांग्याच्या ढिगाआड बसली होती. मी सगळं एका दमात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जरीचा परकर, वाळे, साखळी.

“नाव मी बदलत नाई,” ती म्हणाली. “तुले पायजे त मूठभर सरकी दे अन् पोरगी वापस घे. मंग तुही पोर, तुहं नाव. घेतं?”

मी एक पाऊल मागं सरले. वापस घेतली की ती माझी झाली. आणि माझी म्हणजे काय ते मला दोनदा कळलं होतं.

“नाई ना? मंग नावाले काहून भेतं? नाव त तेच हाय, ढोराचं. तुमीच त्याले चांदी बांधली.” तिनं पोरीला ओढून मांडीवर घेतलं, वाळे काढले, साखळी काढली, फडक्यात गुंडाळून माझ्या अंगावर टाकली. परकरही उतरवला आणि वांगी झाकायचं गोणपाटाचं किलतान तिला गुंडाळलं. शेजारच्या दुकानाच्या चुलीतली राख घेऊन तोंडाला फासली. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली तशी भर बाजारात तिला म्हणाली, “रड. माह्या म्हशीनंबी तुले खाल्लं नसतं.”

मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच बसकण मारली.

माहेरी चार दिवस काढून वलगावला परतले. राखेची, किलतानातली पोरगी पाहून सासूनं ऊर बडवला. त्यातच वाटेतल्या उन्हानं असेल, तिसऱ्या दिवशी पोरगी तापली. अंग असं की हात ठेववेना. सासू म्हणाली, लक्ष्मी उतरवली म्हणून असं झालं, वाळे घाल, ओवाळ तिला. मी नाही म्हटलं. दोघींची झोंबाझोंबी झाली. शेवटी मी ते फडकं उचललं आणि कापसाच्या खोलीत भिरकावून दिलं. आढ्यापर्यंतच्या त्या ढिगात ते कुठं गेलं कुणाला दिसलं नाही. सासरे मारायला धावले. नवऱ्यानं त्यांचा हात धरला. एवढं त्याचं म्हणून सांगते.

मग मी पोरीला मांडीवर घेऊन ओटीच्या कोपऱ्यात बसले. ताप उतरेना. आपण चुकलो असलो तर, हा एकच विचार डोक्यात. वाळे शोधून काढावेत असं दोनदा मनात आलं. दोनदा उठले, दोनदा बसले.

तापाच्या पाचव्या दिवशी सकाळी अमरावतीच्या बाजारातून एक गाडीवान भरलेली गाडी तशीच घेऊन परत आला. लढाई संपली होती. कापूस कुणी विचारीना. दुपारपर्यंत सगळी पुरुषमाणसं अमरावतीला धावली आणि तिन्हीसांजेला एकेक करून परतली. सासरे कापसाच्या खोलीच्या दारात बसले, पागोटं मांडीवर घेऊन. सासूनं माझ्या मांडीवरच्या पोरीकडे बोट केलं.

“पांढऱ्या पायाची. सरकी ते सरकीच.”

आणि थुंकली. त्यानंतर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेजारीण डोकावली नाही, अंगारा आला नाही. दुसऱ्या दिवशी पोरीला घाम फुटला आणि तिनं भाकर मागितली.

घरात सुतक असल्यासारखं होतं, चूल पेटली नव्हती, आणि मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून हसले, मग रडले. सासऱ्यांचं दुःख मला दिसत होतं. पण खोटं कशाला लिहू? गाव बुडालं त्या दिवशी माझ्याएवढं सुखी वलगावात कुणी नव्हतं.

कुंभाराची सरकी महिन्याभरात गंगा झाली. मोर्शीचीही कुणी तरी काही तरी झाली असेल. एक दिवस नवरा माझ्यापाशी आला.

“बा म्हणते, नाव बदलून आण. अकोल्याले मी नेतो.”

“आता नाई,” मी म्हटलं. “आता ते नाव कोणालेच नाई पायजे. राहू दे पोरीले.”

त्यानं पुन्हा कधी ते काढलं नाही.

तिला आता नातवंडं आहेत. त्या नावाची दुसरी बाई मी पुढं पाहिली नाही. माळीणबाई कधीच गेली. व्यवहार मोडायला कुणी उरलं नाही. उतारवयात नातवाच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली, म्हणून हे लिहिते. परवा ती मला पाहायला आली, केस माझ्यासारखेच पांढरे, उंबऱ्यात दम खात उभी राहिली.

“आली काय वं, माळणीची पोट्टी?” मी विचारलं.

ती हसली नाही. माझ्याजवळ बसून तिनं माझा हात हातात घेतला.

“आता त माही म्हण ना एकडाव,” ती म्हणाली.

शब्द अगदी ओठावर आला होता. मी गिळला आणि तिला म्हटलं, “पाणी पी.”