साहेबांचं वजन साठ किलो

मालकांच्या नातवाचा फोन आला. आजोबांच्या विमान कंपनीवर स्मरणिका काढायची आहे, तुम्ही तिथं नोकरीला होता, एखादी गोड आठवण लिहून द्या, म्हणाला. मुखपृष्ठासाठी एक जुना फोटो सापडलाय, त्यात विमानापुढं शाल-नारळ घेऊन उभ्या असलेल्या बाई तुमच्या आई का, असंही त्यानं विचारलं. होय म्हटलं. लिहिते म्हटलं. गोड मात्र माझ्याकडे काही नाही, हे सांगायचं मी टाळलं.

मालक पलूसकडचे. ऊस चिक्कार, त्यामुळे अक्कलही चिक्कार असणार अशी त्यांची स्वतःबद्दल समजूत होती आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. एकाहत्तरची लढाई होऊन गेली होती, आमच्या जत भागात दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती आणि ह्यांना विमान कंपनी काढायची होती. कुणा संस्थानिकाच्या घरचं, आठ उतारूंचं जुनं विमान त्यांनी आणलं, त्याला रंग मारला. सांगलीबाहेरच्या जुन्या धावपट्टीवरची बाभळीची झुडपं तोडून कडेला पत्र्याची शेड ठोकली. सांगलीहून कराड आणि कराडहून मुंबई. रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या भाड्यात विमान, अशी जाहिरात टांग्यावर कर्णा लावून गावभर फिरवली. ठरलेल्या वेळापत्रकाची परवानगीच नव्हती, त्यामुळे ते पाळायचा प्रश्नही नव्हता. उतारू जमले की विमान सुटायचं. भरली की सुटणाऱ्या जीपला आज आपल्याकडे वडाप म्हणतात, तोच प्रकार, फक्त पंख असलेला.

मी नुकतीच बी. ए. झाले होते आणि सांगलीत खोली घेऊन राहत होते. मालकांना इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती. लोक मला हवाई सुंदरी म्हणून चिडवायचे, पण हवेत मी कधी गेलेच नाही. माझं काम जमिनीवर, काट्यापाशी होतं.

हा काटा म्हणजे गुळाच्या अडतीतून आणलेला, ढेपा तोलायचा. लहान विमानात प्रत्येक माणूस आणि त्याचं सामान तोलूनच आत सोडायचं, असा वैमानिकाचा हुकूम होता. हवाई दलातून निवृत्त झालेला तो पंजाबी माणूस एका बाबतीत हट्टी होता. धावपट्टी आखूड आहे, ऊन कडक आहे, वजन जास्त झालं तर मी इंजिन चालूच करणार नाही, असं त्यानं मालकांना पहिल्याच दिवशी हिंदीत बजावलं होतं.

पण हा नियम आमच्या लोकांना कसा पचावा? आमच्याकडे जित्या माणसाला तोलतात ते एकाच प्रसंगी. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एका पारड्यात पुढारी, दुसऱ्यात गूळ, भोवती हलगी आणि हार. बाकी काट्यावर चढतो तो माल. कारखान्याचे चेअरमन, बाजार समितीचे सभापती, असे एकेक मानकरी यायचे आणि मी काटा दाखवला की माझ्याकडे असं बघायचे, जणू मी त्यांना बाजारात विकायला काढलंय. मग मालक धावत यायचे.

"आगं पोरी, सायबांना काट्यावर हुभं करतीस व्हय? गुळाची ढेप हाय का ती? साठ किलो लिही."

साठ किलो. सगळ्या साहेबांचं वजन साठ किलो. तालमीत घडलेले, मटणाच्या रश्श्यावर वाढलेले, जिन्यावर धापा टाकणारे, सगळे कागदावर साठ किलो. वैमानिक काही आंधळा नव्हता. तो खिडकीतून बघायचा आणि म्हणायचा, दोघांना उतरवा. साहेबांना कोण उतरवणार? उतरवायचे ते ज्यांना मान नाही त्यांना. एक नाकापेक्षा जड मोती चढवायला दोन हलकी माणसं खाली यायची. एखादा मास्तर, एखादी नर्स, पोराच्या मुलाखतीला निघालेला कुणी धोतरवाला. त्यांना मालक सांगायचे, फुडच्या खेपेला नेतो. पुढची खेप कधी, हे मालकांच्या देवालाही ठाऊक नसायचं. ह्या माणसाचा मला तेव्हापासून राग आहे. आता तो हयात नाही, तरी राग आहे.

आता आईचं सांगते. माझा भाऊ फौजेत होता. लढाईत सुरुंगावर पाय पडला आणि तो पाय वर्षभर चिघळत राहिला. शेवटी त्याला मुंबईच्या लष्करी इस्पितळात आणलं. गुडघ्याच्या वरून पाय काढायचा ठरलं. भावानं हट्ट धरला की आई समोर असल्याशिवाय पायाला हात लावू देणार नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन दोन दिवस पुढं ढकललं, त्यापुढं थांबता येणार नाही म्हणून कळवलं. मी गावाकडे निरोप धाडला. आई पाण्याच्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जतपर्यंत आली आणि तिथून एस.टी.नं सांगलीला. तिला दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा द्या म्हणून मी मालकांना विनवलं. मालक एकदम विरघळले. जवानाची आई, तिच्याकडून पैसे घेणार नाही, म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले. इस्पितळात फोन लावून निरोप ठेवला, की आई उद्या दुपारी विमानानं पोचते.

सकाळी बघते तर शेडपुढं मांडव घातलेला, कर्णा लावलेला, आणि नेहमीप्रमाणे विमान बघायला जमलेली जत्रा. मालकांनी आईचा सत्कार ठेवला होता. तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, विमानापुढं उभी करून फोटो काढला. मालक वीरमातेवर इतकं बोलले की त्यांचे त्यांनाच डोळे पुसावे लागले. आईला त्यातलं काही नको होतं. ती सारखी मला विचारत होती, "कवा सुटायचं गं?"

ती काट्यावर मात्र निमूट चढली होती. दुष्काळानं वाळलेली बाई, काटा जेमतेम हलला. मग तिला आत नेऊन बसवलं, पट्टा मी स्वतः बांधला. तेवढ्यात मोटार आली. एका कारखान्याचे चेअरमन उतरले. त्यांना मुंबईत कसल्याशा बैठकीला जायचं होतं, आगाऊ कळवण्याची त्यांची रीत नव्हती. मालकांनी मला नुसता हात केला. साठ किलो. साहेब शिडी चढले तशी वैमानिकानं मान हलवली. दोघांना उतरवा.

मालक विमानात डोकावले आणि आईला म्हणाले, "मावशी, फुडच्या खेपेला. जरा सायबांचं अर्जंट हाय."

मी आडवी आले. म्हटलं, "आवं मालक, पोराचं आपरेशन हाय तिच्या. आत्ताच सत्कार केलासा तुमी."

"सत्कार झाला की मग," ते म्हणाले. "कुठं कमी पडू दिलं काय?"

आई उतरली. तिच्यामागून एक मास्तर उतरला. तिच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता. विमान गेल्यावर ती म्हणाली, "एस.टी. कुठनं मिळंल?"

मी तिला एस.टी.त बसवलं. घाटात गाडी बंद पडली. ती इस्पितळात पोचली तेव्हा भावाचा पाय काढून झाला होता. ताप चढला होता, डॉक्टर थांबू शकले नाहीत, त्यात त्यांची चूक नाही. आईनं नंतर सांगितलं, तो आदल्या दुपारपासून वॉर्डातल्या सगळ्यांना सांगत होता की आमची आई विमानानं येणार हाय. विमान मुंबईत उतरलं, आई आली नाही. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या जवानानं त्याला हसत विचारलं, विमान कुठं पडलं काय? पाय काढल्यावर शुद्धीवर आला तेव्हा आई उशाशी बसली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पाय गेल्याचं दुःख त्यानं पुढं पचवलं. खोटं पडल्याचं नाही.

पुढच्या आठवड्यात तेच साहेब पुन्हा आले. मी काटा शेडमधून ओढत बाहेर आणला आणि विमानाच्या शिडीपुढं आडवा ठेवला. बघ्यांची नेहमीची गर्दी होतीच.

"साहेब, काट्यावर या," मी म्हटलं.

मालक धावले. "याड लागलं काय तुला?"

"काटा ओलांडून कुणी जायचं न्हाई," मी म्हटलं आणि शिडी धरून उभी राहिले. बाईमाणसाला चारचौघांत ढकलणार कसं? साहेबांनी गर्दीकडे पाहिलं, थट्टेवारी नेल्यासारखं हसले आणि चढले. मी वजनं टाकत गेले, टाकत गेले. मग अडतीतला तोलार ओरडतो तसं खड्या आवाजात पुकारलं, "एकशे आठ!"

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "गूळ कुठं हाय?" आणि सगळी जत्रा हसली.

साहेब उतरले ते थेट मोटारीत बसले. मालकांनी मला तिथल्या तिथं हाकललं. पण त्या दिवसानंतर कुणी साहेब त्या धावपट्टीवर फिरकला नाही. एकाचं हसं झालं की बाकीचे आपलं पोट सांभाळतात. आणि साध्या माणसांना मालकांनी इतक्यांदा उतरवलं होतं की ती परत येतील कशी? वर्षभरात विमान विकलं. तेल महागलं म्हणून कंपनी बुडाली, असं सांगलीत अजून सांगतात. नातूही फोनवर तेच म्हणाला. तेल महागलं होतं हे खरं. पण कंपनी मी बुडवली, आणि पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा बुडवीन.

तेव्हा बाळा, तू मागितलेली आठवण ही अशी आहे. छापायची तर पुरी छाप, नाहीतर राहू दे. फोटोखाली तू "आमच्या पहिल्या महिला प्रवासी" असं लिहिणार आहेस म्हणालास. आई आयुष्यात कधी विमानातून गेली नाही. खाली एवढंच लिही: ह्या बाईंचा सत्कार करून त्यांना उतरवलं.