वाळूतले अकरा आणि बारावा

बसवकल्याणला तेव्हा कल्याणीच म्हणत. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. तिथल्या भागम्माच्या घरी काचेच्या पेल्यांवर वेलबुट्टी निघायची. धुतली तरी जात नाही, म्हणून लांबच्या बायकाही पेले पाठवायच्या.

ही विद्या तिला शेजारच्या खाजासाबांनी दिली. ते टांगे रंगवायचे. पेला रिठ्यानं धुवायचा, रोगणात कालवलेल्या रंगानं वेल काढायची, दोन दिवस वाळू द्यायची. मग मडक्यातल्या वाळूत पेला पुरून मंद आचेवर भाजायचा. आच काढल्यावर वाळू गार होईस्तोवर झाकण उघडायचं नाही. घाई केली की काच तडकली. पुढं खाजासाब लेकाकडं हैदराबादला गेले आणि अडलं-नडलं विचारायला कुणी उरलं नाही.

त्या माघात हेडमास्तर बंडोपंतांच्या पत्नी अनसूयाबाई बारा पेले घेऊन आल्या.

"माझ्या आईचे आहेत, भागम्मा. ती गेली, एवढेच राहिले. सोमवारी लेकीचा साखरपुडा. उमरग्याचे पाहुणे यातच सरबत घेतील. रंग निघाला तर शोभा होईल, आणि फुटला तर दुसरा मिळायचा नाही."

"जपून करते, मास्तरीणबाई," भागम्मा म्हणाली खरी. पण पेले घरात आल्यापासून तिला घास गोड लागेना.

बाराही रंगवून झाले. आधी एकच भाजून बघायची तिची रीत. बुधवारी सकाळी तो पेला तिनं राखेनं, काथ्यानं घासला. वेल घट्ट बसली होती. पण मधोमध तीन आडव्या पट्ट्यांत रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून हातात आला.

तिनं आपली तीन बोटं त्या पट्ट्यांवर ठेवली. नेमकी बसली.

घर लिंगायतांचं. नवं भांडं विभूत लावल्याशिवाय वापरात यायचं नाही. बाजारच्या पेल्यांना तिनं कधी लावली नव्हती. पण हे पडले जोखमीचे, म्हणून धुतल्यावर प्रत्येकाला तीन बोटं विभूत ओढली, कपड्यानं पुसली आणि त्यावरच रंग चढवला. देवाला साक्ष ठेवायला गेली, आणि काचेवर राख नि बोटांची चिकटण राहून गेली!

उरलेले अकरा कच्चे होते, ते घासलेटनं पुसता येणार होते. भाजलेल्याचं काय? खाजासाबांनी बजावलं होतं, एकदा भाजलेली काच पुन्हा जाळावर नेऊ नको. तिनं तो पेला कोनाड्यात ठेवला आणि अकरा पुसायला घेतले.

सासू चंद्रम्मा दारात येऊन उभी राहिली. "केलेलं पुसायलीस कामून?"

"इबूतीवर रंग धरंना, आत्याबाई."

"म्हंजे इबूत लावणार न्हाईस? परक्याची काच जाळावर ठेवायलीस, आन् देवाचं नाव न्हाई?"

"लावली तर रंग जायलाय, न लावावी तर माझा जीव जायलाय. तुम्हीच सांगा."

चंद्रम्मानं चुलीजवळच्या मडक्याकडं बोट केलं. "गाडग्याला लाव की! गाडगं कुठं रंगवायचंय तुला?"

भागम्माला त्या हालातही हसू आलं.

गुरुवारपर्यंत वेली पुन्हा निघाल्या. शनिवारी दुपारी अकरा पेले वाळूत गेले, मडक्यावर तीन बोटं विभूत उमटली. आच लागून तासभर झाला असेल, तोच आतून आवाज आला. टण्ण!

भागम्मा मडक्याशी वाकली. "गेला एक."

"उघडून बघ."

"उघडलं तर बाकीचे बी जातील, आत्याबाई."

रात्रभर तिच्या कानात तोच आवाज. कुठला फुटला असेल? काय तोंड दाखवू? शिवा, मोडायचं तर माझं काही मोड, दुसऱ्याच्या आईची काच नको.

रविवारी सकाळी वाळू गार झाली. जवळ जाते तो मडक्यालाच गळ्यापासून बुडापर्यंत चीर, आणि राखेत वाळूची बारीक धार. तिनं एकेक पेला काढला. अकराही धड होते.

"गाडग्यानं अंगावर घेतलं," चंद्रम्मानं हात जोडले.

पण बारावा होताच. अनसूयाबाईंच्या घरी भागम्मानं तोच आधी पुढं ठेवला. "इबूत लावल्ती मी, भेऊन. चूक माझी. पुन्हा भाजला असता तर जमलं असतं, न्हाई तर फुटला असता. मन धजलं न्हाई."

अनसूयाबाईंचं तोंड उतरलं. वेलीच्या कडेला त्यांनी नखानं खरवडून पाहिलं. निघाली नाही. "पाहुण्यांपुढं अकराच ठेवीन," त्या कोरडेपणानं म्हणाल्या. मग बारावा पेला जवळ ओढून म्हणाल्या, "फुटका आणला असतास तर पुन्हा तुझ्या दारात आले नसते. हा मला राहू दे."

सोमवारी पाहुणे उठले तरी भागम्मा अनसूयाबाईंच्या मोरीपाशीच उभी. गडीणबाई पेले घासत होती.

"अगं, जोरानं घास."

"फुटंल की बाई!"

"रंग बघायचाय मला. घास."

अकरावा पेला घासून पालथा झाला. राखेच्या पाण्यात रंगाचा टिपूसही नव्हता. तेव्हा कुठं भागम्माला भूक लागली.