खंदकातला कवी

गणपत मेस्त्रीला कुवेतमधल्या मराठी मंडळाने बोलावलं ते रंगमंचावर खंदक बांधायला. नाटक होतं एका आयरिश कवीचं. मायदेशावर राज्य करणाऱ्या इंग्रजांच्याच फौजेत तो भरती होतो आणि पहिल्या महायुद्धात परक्या मातीत मरतो. नाटक लिहिलं होतं रसिकाताईंनी. त्या मूळच्या पुण्याच्या, इथे एका इस्पितळाच्या लॅबच्या प्रमुख. तालमी दर शुक्रवारी सकाळी, त्यांच्या हवल्लीतल्या इमारतीच्या तळघरात.

गणपत अकरा वर्षं कुवेतमध्ये सुतारकाम करत होता. रिग्गईत एका खोलीत सहाजण राहायचे. त्याआधी कुडाळकडे तो दशावतारात राजाचं काम करी. तिथे लिहिलेली संहिता नसते. राजाने उभं राहायचं आणि बोलायचं, सुचेल ते आणि शोभेल ते. लग्न झालं, मुलगी झाली, आणि राजा करवत घेऊन विमानात बसला.

कवीचं काम करणारा अनुप तेलकंपनीत इंजिनियर. ट्रेनिंगसाठी तो सहा आठवडे बाहेरदेशी गेला. तालीम अडायला नको म्हणून रसिकाताई म्हणाल्या, "मेस्त्री, तुम्ही नुसतं वाचा हो त्याच्या जागी."

गणपतने फळी खाली ठेवली आणि वाचलं. कवी खंदकातून आईला पत्र लिहितो, तो प्रवेश होता. इथेही चिखल आहे आई, पण आपल्या ओढ्याचा नाही, असं काहीतरी. गणपतने आवाज चढवला नाही की डोळे पुसले नाहीत. घरी फोनवर बोलावं तसा बोलला. आईचं काम करणारी विशाखा नर्स होती, सहजासहजी न हलणारी. ती पुढचं वाक्य विसरली.

तिसऱ्या शुक्रवारी त्याच्या हातात कागद नव्हता. रसिकाताई प्रवेश त्याच्याभोवती बसवू लागल्या. "इथे तुम्ही वळता ना, तेच ठेवू," म्हणायच्या. त्याने गावी फोन केला.

"कोणाचो पार्ट करतंस? राजाचो?" आईने, ठकूबाईने, विचारलं.

"नाय गो आये. शिपायाचो. तो कविता करता."

"मगे लढता कधी?"

"मधी मधी लढता. शेवटी मरता."

"मगे बरो पार्ट आसा," ठकूबाई म्हणाली, आणि दिवस मावळायच्या आत वाडीभर सांगून आली.

प्रयोगाला दहा दिवस असताना अनुप परतला. विशाखाने सगळ्यांसमोर विचारलं, "काम गणपतरावांनाच का देऊ नये?" रसिकाताई गणपतला जिन्याकडे घेऊन गेल्या.

"तुम्ही उत्तमच करता. पण भाषेचं काय आहे ना... आयरिश माणूस मालवणी हेल काढून बोलला तर लोक हसतील."

"तो पुणेरी तरी कुठे बोलत होता, ताई?"

त्या एकट्याच हसल्या. "तुम्ही प्रॉम्प्टिंग करा. तुम्हाला सगळं पाठ आहे."

गणपत नाही म्हणाला असता. पण खंदक अर्धा उभा होता, आणि अर्धं काम टाकून जायची त्याला सवय नव्हती.

सालमियातल्या एका शाळेचा हॉल प्रयोगाला भरला होता. गणपत विंगेत स्टुलावर बसला. अनुप गणपतसारखाच वळला, गणपतसारखाच थांबला. पत्राच्या प्रवेशात मात्र ओळ विसरला. त्याने विंगेकडे मान वळवली. ओळ गणपतच्या जिभेवर होती. ओठ हलवले असते तरी पुरलं असतं.

त्याने तोंड मिटून घेतलं.

अनुप बघत राहिला. कपाळावर घाम, हातात पत्र, नजरेत खरीखुरी भीती. हॉलमध्ये कोणी खोकलंही नाही. मग रंगमंचावर आईच्या जागी बसलेल्या विशाखाने आपलंच वाक्य पुढे ओढलं आणि गाडी रुळावर आली. कुठूनतरी टाळी पडली, मग सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला.

नंतर जो तो अनुपच्या त्या थांबण्याबद्दल बोलत होता. मरण समोर दिसणारा माणूस असाच थांबेल, असं एक डॉक्टर म्हणाले. अनुपने नम्रपणे मान लववली. पडद्यावर नावं आली, त्यात शेवटून दुसरं, तेही चुकीचं, होतं, 'सुतारकाम : गणेश मेस्त्री'.

रसिकाताई विंगेत आल्या. "ओळ का दिली नाहीत?"

"मला वाटलं, हेल लागेल."

त्या बाकीच्यांकडे निघून गेल्या. हॉल तासाभरात रिकामा करून द्यायचा होता. बाकीचे जेवायला गेले, आणि गणपतने एकट्याने खंदक सोडवायला घेतला. खिळे उपटताना त्याला गप्प बसल्याचा पस्तावा वाटत नव्हता. आपलं गप्प बसणंही अनुपच्याच नावावर जमा झालं, हेच त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

पुढच्या नाटकाला मंडळाने दुसरा सुतार बोलावला. विशाखाने गणपतला तिकीट पाठवलं होतं. तो गेला नाही.